साथीचा वेग आणि गावची शाळा

गावात रोग किती पसरला आहे, हे रुग्णांच्या संख्येवरून कळते. तो वाढतो आहे की ओसरतो आहे, हे मात्र एका दिवसाच्या संख्येवरून कळत नाही. तीस रुग्णांचे गाव सुधारत असू शकते व तीन रुग्णांचे गाव संकटाकडे चाललेले असू शकते. बंद पडलेले व्यवहार पुन्हा सुरू करताना हा भेद ध्यानी घेणे अगत्याचे असते.

कोरोनाच्या साथीत ह्याची प्रचीती आली. महाराष्ट्रात पहिले रुग्ण मार्च २०२० मध्ये पुण्यास आढळले. चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांत ते मे २०२० मध्ये आढळले. परंतु अरण्यातील गावही एकाकी नसते. मिरची तोडण्यास तेलंगणात गेलेले मजूर उन्हाळ्याच्या सुमारास परततात, तेंदूपानांचा हंगाम येतो, आठवडी बाजारात आसपासच्या गावांची माणसे एकत्र जमतात. टाळेबंदी सैल होताच ह्या वाटा मोकळ्या होतात. म्हणून त्याच वेळी रोगाचा वेग मोजणे अवश्य ठरते.

हा वेग मोजण्याचे मूलतत्त्व सोपे आहे. एक रुग्ण सरासरीने किती जणांस रोग देतो, त्या संख्येस शास्त्रज्ञ ‘आर’ म्हणतात. ‘आर’ २ असेल तर एकाचे दोन, दोघांचे चार, ह्या क्रमाने पाचव्या फेरीत ३२ नवे रुग्ण होतात. ‘आर’ अर्धा असेल तर ३२ चे १६, १६ चे ८ असे होत साथ विझते. ‘आर’ १ च्या वर की खाली, हाच खरा प्रश्न होय. कोरोनाच्या मूळ विषाणूचा ‘आर’, कोणतीही खबरदारी नसता, २ ते ३ च्या दरम्यान होता; गोवराचा १२ ते १८ मानला जातो. अंतर राखणे, मुखपट्टी, लस ह्या उपायांनी तो उतरतो व गर्दी वाढली की चढतो.

गावपातळीवर सूक्ष्म गणित शक्य नसते. तथापि अंदाज घेता येतो. ह्या आठवड्यातील नव्या रुग्णांस गत आठवड्यातील संख्येने भागावे. समजा, संख्या १२, १८, २७ अशी आहे. प्रत्येक भागाकार दीड येतो, म्हणजे साथ वाढत आहे. रोजच्या आकड्याऐवजी आठवड्याचा आकडा घ्यावा. कारण काही दिवशी तपासणी होते व काही दिवशी होत नाही.

येथे दोन सावधगिऱ्या पाळाव्यात. पहिली तपासणीविषयी. एका आठवड्यात ४० जणांपैकी ४ व दुसऱ्यात १२० जणांपैकी ६ बाधित निघाले, तर रुग्ण वाढलेले दिसतात. पण प्रमाण शेकडा १० वरून ५ वर आलेले असते. जून २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने जिल्हे पाच स्तरांत खुले केले, तेव्हा हेच शेकडा प्रमाण व प्राणवायूच्या खाटांचा वापर ह्या दोन कसोट्या लावल्या. दुसरी सावधगिरी विलंबाची. लागण झाल्यावर लक्षणे साधारणतः ५ दिवसांनी, क्वचित १४ दिवसांपर्यंत दिसतात. नंतर तपासणी व अहवाल. आजचा आकडा हा मागल्या बाजाराचा हिशेब असतो. सबब दार उघडल्यावर दुसऱ्याच दिवशी निश्चिंत होऊ नये.

शाळांच्या बाबतीत हा क्रम पायरीपायरीने झाला. ग्रामीण भागात, महिनाभर एकही रुग्ण नसलेल्या गावी, १५ जुलै २०२१ पासून इयत्ता ८ वी ते १२ वीचे वर्ग भरविण्यास अनुमती मिळाली. ४ ऑक्टोबरपासून ५ वीपासूनचे व १ डिसेंबरपासून पहिली ते चौथीचे. पायऱ्यांत अंतर असले म्हणजे एकीचा परिणाम पाहून पुढची चढता येते. दार उघडण्यास उशीर लावण्याचीही किंमत असते. जेथे भ्रमणध्वनीचे जाळे पोहोचत नाही, अशा पाड्यावरील बालकास शाळा बंद म्हणजे शिक्षणच बंद. अकारण भीती व अकारण धीटपणा, दोन्ही बालकांचेच नुकसान करतात.

जागतिक आरोग्य संघटनेने कोरोनाची आणीबाणी मे २०२३ मध्ये समाप्त झाल्याचे जाहीर केले. पण गोवर, कांजिण्या, तापाच्या साथी येतच राहतात. शिक्षकाजवळ एक उत्तम साधन नित्य असते, ते म्हणजे हजेरीपट. त्यात आजारामुळे गैरहजर मुलांची खूण वेगळी करावी, दर शनिवारी बेरीज घ्यावी, मागील आठवड्याशी ताडून पाहावी. संख्या लागोपाठ दोन आठवडे वाढल्यास आशा कार्यकर्ती व प्राथमिक आरोग्य केंद्रास कळवावे. गोवरासारखे पुरळ दिसल्यास एका मुलाचीही वार्ता त्याच दिवशी द्यावी. वरच्या वर्गांस हाच भागाकार फळ्यावर करून दाखविल्यास गणिताचा पाठ होईल व आरोग्याचाही.