चेंडूचें व्रत

दिवाळीच्या सुमारास भात कापून झालें व शेतें मोकळीं पडलीं, कीं पेण-रोह्याकडील मुलांचें क्रिकेट सुरू होतें. धसकटें तुडवून केलेल्या त्या खेळपट्टीवर फलंदाजीसाठीं भांडणें होतात; पण सामना हातचा जाऊं लागला, कीं सर्वांस एका शांत मुलाची आठवण होते व चेंडू त्याच्या हातीं येतो. ज्यांच्या घरीं असा मुलगा असेल, त्यांनीं कै. पद्माकर शिवलकर यांची हकीकत त्यास अवश्य सांगावी.

शिवलकर यांचा जन्म १९४० सालीं मुंबईंत झाला. डाव्या हातानें मंद फिरकी चेंडू टाकणें ही त्यांची विद्या. प्रथम श्रेणीच्या सामन्यांत ते १९६१-६२ च्या हंगामांत उतरले, आणि अखेरचे खेळले ते १९८७-८८ मध्यें, वयाच्या ४७ व्या वर्षीं! १२४ सामन्यांत त्यांनीं ५८९ गडी बाद केले. दर गड्यामागें दिलेल्या धांवा सरासरीनें विसांहूनहि कमी.

१९७२-७३ चा रणजी करंडकाचा अंतिम सामना मद्रासेस, चेपॉकच्या मैदानावर झाला. खेळपट्टी फिरकीला अनुकूल होती. मुंबईचे डाव १५१ व ११३ धांवांतच आटोपले. परंतु शिवलकर यांनीं पहिल्या डावांत १६ धांवांत ८ व दुसऱ्यांत १८ धांवांत ५ गडी टिपले. तामिळनाडूचा संघ ८० व ६१ धांवांत गारद झाला. तिसऱ्या दिवशींच्या पहिल्याच चेंडूवर सामना संपला, व मुंबईस ओळीनें पंधराव्यांदा करंडक मिळाला.

असा गोलंदाज भारताकडून एकहि कसोटी सामना खेळला नाहीं! त्यांच्याच पद्धतीचे चेंडू टाकणारे बिशनसिंग बेदी १९६६ पासून १९७९ पर्यंत संघांत होते, व त्यांची योग्यता निर्विवाद होती. हरियाणाचे राजिंदर गोयल यांच्याहि वांट्यास हेंच दैव आलें. या दोघांस संघांत घेण्याविषयीं निवड समितीचें मन आपण वळवूं शकलों नाहीं, अशी खंत सुनील गावसकर यांनीं पुढें बोलून दाखविली.

अमेरिकेंत बेसबॉल नांवाचा खेळ आहे. त्यांत चेंडू फेंकणारा पहिला गडी थकला, म्हणजे सामना सांवरण्यास दुसरा धाडतात. हॉइट विल्हेल्म हा असाच मदतीस धांवणारा गडी. वरिष्ठ संघांत त्याचा प्रवेश १९५२ सालीं, वयाच्या २९ व्या वर्षीं झाला. पन्नाशीला कांहीं दिवस उरले असतां १९७२ सालीं तो थांबला. एकंदर १,०७० सामने! वेगापेक्षां चेंडूच्या लहरी गतीवर त्याची भिस्त असल्यानें त्याचा हात इतकीं वर्षें टिकला. मदतनीस गड्यांपैकीं सन्मानमंदिरांत पहिलें स्थान त्यालाच मिळालें. पण तेंहि १९८५ सालीं. शिवलकर व गोयल यांस सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार लाभला तो २०१७ सालीं. शिवलकर ३ मार्च २०२५ रोजीं निवर्तले.

‘याचा पुढें उपयोग काय?’ असें मुलांस विचारण्याची आपल्या घरांतून रीत आहे. प्रश्न गैर नव्हे. पण शिवलकरांसारख्याचें आयुष्य त्याला सरळ उत्तर देत नाहीं. जें त्यांना मिळावयास हवें होतें तें मिळालें नाहीं, व हें मुलांपासून लपविण्यांत अर्थ नाहीं. मात्र बोलावणें येत नाहीं म्हणून त्यांनीं चेंडू खालीं ठेवला नाहीं, हेंहि तितकेंच खरें. आणि हें दुसरें सांगितल्यावांचून पहिलें सांगूं नये.

उद्यां तिन्हीसांजेला पाय धुऊन मुलगा घरांत येईल, तेव्हां ‘धांवा किती केल्यास?’ असें विचारण्याआधीं ‘षटकें किती टाकलींस?’ असें विचारून पाहावें.