चांगले-वाईट कोण ठरवते? इस्लामी विचारातील एका जुन्या वादाबद्दल

खोटे बोलणे मुळातच वाईट, म्हणून देवाने ते निषिद्ध केले, की देवाने निषिद्ध केले, म्हणून ते वाईट? मुस्लिम विद्वानांनी या प्रश्नावर शतकानुशतके वाद घातला आहे. त्याविषयीच्या काही समजुती तपासायला हव्यात.

गैरसमज : इस्लामचे उत्तर एकच – देव सांगतो तेच चांगले.

वस्तुस्थिती : आठव्या शतकात इराकमधल्या बसऱ्यात उदयाला आलेल्या मुतझिला पंथाचे उत्तर वेगळे होते. न्याय चांगला आणि जुलूम वाईट, हे बुद्धीला ईश्वरी संदेशाआधीही कळते, असे ते मानत. नमाज कशी पढायची, रोजे कधी धरायचे, हे मात्र संदेशाशिवाय कळणार नाही. शियांच्या बारा इमामी परंपरेतही चांगल्या-वाईटाचे ज्ञान बुद्धीला होते, ही भूमिका रुजली.

गैरसमज : विरोधी अशअरी पंथाने बुद्धीला रजा दिली.

वस्तुस्थिती : या पंथाचे प्रवर्तक अबुल हसन अल-अशअरी मुतझिलांच्याच तालमीत वाढले होते. पाप-पुण्य आणि त्याचे परलोकातले फळ देवाच्या आज्ञेनेच ठरते, हे त्यांनी युक्तिवाद करूनच मांडले. याच पंथातले गझाली (मृत्यू ११११) यांचा इस्लामी कायद्याच्या सिद्धान्तांवरचा 'अल-मुस्तस्फा' हा ग्रंथ तर्कशास्त्राच्या प्रस्तावनेने सुरू होतो. शरियतने जपायच्या पाच गोष्टी त्यात सांगितल्या आहेत : धर्म, जीव, बुद्धी, वंश आणि मालमत्ता.

गैरसमज : बुद्धीची बाजू घेणारे ते उदारमतवादी.

वस्तुस्थिती : कुराण अनादी नसून देवाने निर्माण केले आहे, हे मुतझिलांचे मत खलिफा मामूनने ८३३ मध्ये सत्तेच्या जोरावर लादायला सुरुवात केली. ते नाकारणारे विद्वान अहमद इब्न हंबल यांना पुढे तुरुंगवास आणि फटके सोसावे लागले. पापाबाबतही मुतझिला कठोर होते. देव न्यायी आहे, म्हणून पश्चात्ताप न करणाऱ्या महापाप्याला कायमचा नरक, असे ते मानत.

गैरसमज : हा वाद आता फक्त ग्रंथांत उरला आहे.

वस्तुस्थिती : या वादातल्या परंपरा आजही जिवंत आहेत. समरकंदचे विद्वान मातुरीदी यांनी (मृत्यू ९४४) मधली वाट काढली : अनेक गोष्टींतले बरे-वाईट बुद्धीला कळते, पण देवावर कसलेच बंधन नाही. त्यांचा विचार हनफी या सुन्नी कायदेपंथात पसरला आणि भारतातले बहुसंख्य सुन्नी हनफीच आहेत. कोकणातले मुस्लिम मात्र मुख्यतः शाफई या दुसऱ्या सुन्नी कायदेपंथाचे आहेत आणि शाफईंचे जुने नाते अशअरींशी आहे.

या मतभेदाचा परिणामही अनपेक्षित आहे. ज्याच्यापर्यंत ईश्वरी संदेश पोचलाच नाही, त्याचे काय? अशअरी त्याला दोषी धरत नाहीत. मातुरीदींचे अनेक अनुयायी मात्र म्हणतात की, बुद्धी असलेल्या माणसाने निदान निर्मात्याला तरी ओळखायलाच हवे. म्हणजे बुद्धीला जितका अधिकार द्यावा, तितकी माणसाची जबाबदारीही वाढते.