मत्स्यालयाच्या काचेला भोक कशासाठी?

मोठ्या मत्स्यालयाच्या खाली बऱ्याचदा दुसरी टाकी असते. गाळणी, हीटर असे सामान तिच्यात ठेवतात. वरचे पाणी आपोआप खाली उतरते आणि पंप ते पुन्हा वर चढवतो. मग पाणी खाली आणायचे कसे?

एक मार्ग वक्रनलिकेचा, म्हणजे सायफनचा. काठावरून उलट्या यू आकाराची नळी सोडायची. पण नळीच्या माथ्याशी बुडबुडे साठत गेले की पाण्याची सलग धार तुटते. पंपाला त्याचा पत्ता नसतो! तो पाणी चढवतच राहतो आणि ते जमिनीवर येते. काचेला भोक असेल तर पाणी निव्वळ उताराने वाहते, ही भीती राहत नाही.

भोकाभोवती टाकीच्या आत एक पेटी बसवतात. तिचा वरचा काठ म्हणजे धरणाचा सांडवाच. पाणी काठावरून पेटीत पडते व भोकातून खाली जाते. मासे वाहून जाऊ नयेत म्हणून काठाला दाते असतात.

काचेला भोक पाडताना ती कापली जात नाही, घासली जाते. त्यासाठी हिऱ्याची पूड बसवलेले पोकळ, नळीसारखे पाते लागते. वेग मंद, दाब हलका आणि पाण्याची धार सतत हवी. एकाच जागी तापलेली काच तडकते. (पाण्याजवळ काम असल्याने ड्रिल बॅटरीवरचेच घ्यावे.) टफन्ड काचेच्या वाटेला मात्र जाऊ नये. तिचा पृष्ठभाग दाबाखाली आणि गाभा ताणाखाली असतो. पाते गाभ्यात शिरले की सबंध काचेचा चुरा होतो. रिकाम्या टाकीची काच दोन पोलरॉइडच्या मध्ये धरून पाहावी. टफन्ड काचेत पट्टे किंवा ठिपके दिसतात.

आता वीज गेली असे समजू. पंप थांबताच पाणी चढवणारी नळीच सायफन बनते व तिचे तोंड उघडे पडेपर्यंत पाणी खाली ओढते. टाकी ९० × ४५ सेंमी असेल, तर दर सेंटिमीटरला सुमारे ४ लीटर पाणी उतरते. तोंड १० सेंमी खोल असेल, तर ४० लीटर! खालच्या टाकीत २० लीटरचीच जागा असेल, तर उरलेले कोठे जाईल हे विद्यार्थीच सांगतील. म्हणून नळीला पाण्याच्या पातळीच्या किंचित खाली बारीक छिद्र ठेवतात. पातळी उतरताच हवा आत शिरते व धार तुटते. एकमार्गी झडपेवर आम्ही विसंबणार नाही. कचरा अडकला की ती पुरती मिटत नाही. छिद्रही शेवाळाने बुजते, ते अधूनमधून काडीने साफ करावे. शिवाय पंप एकदा मुद्दाम बंद करून खालचे पाणी कुठवर चढते ते पाहावे आणि तेथून मागे हिशेब करून रोजच्या पातळीची खूण करावी.