यंत्रसेवकांचा शिधा

हल्लीं शाळेंत जाणारीं पुष्कळ मुलें सुट्टींत घरींच सहा पायांचा रोबोट जुळवूं लागलीं आहेत, आणि घरांतील वडील मंडळीहि त्याकडे कौतुकानें पाहतात. परंतु या उद्योगांत एक प्रसंग हटकून येतो. एकच पाय हलवून पाहिला, तर तो उत्तम हलतो. सर्व पाय एकदम हलवावयास जावें, तों ते नुसते थरथरतात, रोबोट गुडघे टेकतो आणि त्याचा मेंदू पुन्हां पहिल्यापासून सुरू होतो. मूल बापडें आज्ञावली तपासण्यांत रात्री घालवितें, आणि अखेर ‘आपल्याला हें जमणार नाहीं’ असें म्हणून सर्व सामान फळीवर टाकून देतें. वस्तुतः अशा वेळीं बहुधा दोष त्याच्या बुद्धीचा नसून शिध्याचा असतो. यंत्र उपाशी असतें!

‘सर्वो’ या शब्दाचें मूळ लॅटिन भाषेंत असून त्याचा अर्थ सेवक असा आहे. फ्रेंच यंत्रविशारद जोसेफ फार्को यानें १८७३ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत जहाजाचें सुकाणूं वाफेच्या बळानें वळविणाऱ्या यंत्रास हें नांव योजिलें. आजची लहानशी सर्वो मोटरहि तशीच आज्ञाधारक आहे. तिला दर सेकंदास सुमारें ५० वेळां विजेचा एक सूक्ष्म स्पंद मिळतो. तो सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढा असला तर तिचा दांडा एका बाजूस वळतो, त्याच्या दुप्पट असला तर दुसऱ्या बाजूस. या आज्ञेस वीज नाममात्र लागते. आज्ञा पाळण्याच्या श्रमास मात्र पुष्कळ लागते. हा भेद ध्यानांत न आल्यामुळेंच सर्व घोटाळा होतो.

आतां हिशेब करूं. सहा पाय, प्रत्येकास तीन सांधे, म्हणजे १८ सर्वो झाल्या. एसजी ९० या नांवाची नऊ ग्रॅम वजनाची सर्वो अडून राहिली असतां सुमारें ०.७ अँपिअर प्रवाह ओढते. मोटर फिरूं लागली म्हणजे तिच्यांत उलट विद्युद्दाब उत्पन्न होऊन प्रवाह आवरला जातो. स्थिर असतांना तो दाब नसतो, म्हणून निघतांना क्षणभर ती जवळजवळ तितकाच प्रवाह मागते. अठराहि एकदम निघाल्या तर मागणी १२.६ अँपिअरपर्यंत जाते. आणि मुलें तर ही वीज आर्डुइनो ऊनोच्या पाटीवरून घेतात, जिला संगणकाच्या यूएसबी तारेंतून अर्ध्या अँपिअरपुरतीच सोय असते! चौघांपुरत्या भातावर शंभर पानांची पंगत बसविण्यासारखेंच हें. विद्युद्दाब कोसळतो, आणि त्याच पंगतींत बसलेला मेंदूहि उपाशी राहतो.

उपाय अवघड नाहींत. पहिला, मेंदू व सेवक यांच्या चुली वेगळ्या कराव्या. सर्वोंसाठीं ५ ते ६ व्होल्टचा, वरील हिशेबास पुरेल असा स्वतंत्र पुरवठा घ्यावा. दोहोंच्या ऋण तारा मात्र एकत्र जोडाव्या. नाहींतर आज्ञेचा स्पंद कशाच्या तुलनेनें ओळखावा, हेंच सर्वोला कळत नाहीं. दुसरा, तारा जाड व आंखूड असाव्या. ०.१ ओहम रोधाच्या तारेंतून १० अँपिअर गेले, तर १ व्होल्ट वाटेंतच खर्ची पडतो. पांचाचे चार उरतात. छिद्रांच्या ब्रेडबोर्डवरून एवढा प्रवाह कधींहि नेऊं नये. तिसरा, सर्वोंजवळ पुरवठ्यावर एक मोठा कपॅसिटर लावावा आणि आज्ञावलींत सर्वोंना थोड्या थोड्या अंतरानें उठवावें, म्हणजे क्षणिक ओढ सोसली जाते.

एका गोष्टीस मात्र वडिलांनीं जपावें. दोन घटांची लिथियम बॅटरी पूर्ण भरली असतां ८.४ व्होल्ट देते. ती सरळ जोडल्यास लहान सर्वो जळण्याचें भय असतें, म्हणून मध्यें दाब उतरविणारा कन्व्हर्टर हवा. तारा एकमेकींस चिकटल्या तर अशी बॅटरी पेटहि घेते. तेव्हां तिच्या धन टोकाशीं फ्यूज असावा, आणि ती भरत असतां कोणी जाणतें माणूस जवळ असावें.

घरांतील वडील मंडळींस आज्ञावली कळत नसेल. पण १८ गुणिलें ०.७ हा गुणाकार तर सर्वांस येतो. मूल निराश होऊन सामान आवरूं लागलें, कीं कागद-पेन्सिल घेऊन त्याच्याजवळ बसावें आणि ‘बाळ, तुझ्या रोबोटाला जेवायला लागतें किती, आणि तूं वाढतोस किती?’ एवढेंच विचारावें. पुष्कळदां तेवढ्या प्रश्नानें फळीवर टाकलेला रोबोट पुन्हां खालीं येईल व आपल्या सहा पायांवर उभा राहील.