एकेरी मार्गाचा खेळ

खेळांतील आगगाडी नुसती गोल फिरविली तर घटकाभरांत कंटाळा येतो. तिला वेळापत्रक दिलें कीं खेळण्याची रेल्वे होते. यासाठीं रत्नागिरीचा मार्ग उत्तम नमुना होय. १९९८ सालीं संपूर्ण खुली झालेली कोंकण रेल्वे येथें एकेरी आहे. उक्षी व भोके यांमध्यें सुमारें साडेसहा किलोमीटरांचा करबुडे बोगदा लागतो. दोघांनीं या दोन स्थानकांचे स्टेशनमास्तर व्हावें. भोक्यानें मार्ग मोकळा असल्याचें कळविल्यावांचून उक्षीनें गाडी सोडूं नये. बोगद्यांतील गाडी दिसत नाहीं. तेथें नोंदवहीच डोळ्यांचें काम करते. डाकगाडीस उशीर झाल्यास मालगाडी बाजूच्या रुळावर थांबवावी कीं पुढें काढावी? निर्णय चुकला तर सारा मार्ग खोळंबतो. पावसाळी वेळापत्रकांत वेग कमी होतो, तेव्हां हाच डाव अधिक बिकट होतो.