मोत्याचे पाणी

मोत्याच्या तेजाला मराठीत ‘पाणी’ म्हणतात. पाणीदार मोत्यांची नथ उजेडात जराशी हलली की तिच्यावरून गुलाबी, हिरवट, निळसर छटा सरकून जातात. हेच मोती वैद्याच्या खलात पडतात तेव्हा काय होते ते पाहावे. गुलाबपाण्यात घोटून घोटून त्यांची मुक्तापिष्टी करतात. तिला अग्नीचा स्पर्श होत नाही. तरीही अखेरीस खलात उरते ती पांढरी भुकटी. मग ते रंग गेले कोठे?

हळद कितीही कुटली तरी पिवळीच राहते, कारण तिचा पिवळेपणा द्रव्याचा असतो. मोत्याच्या अंगच्या पिवळसर किंवा काळसर वर्णातही द्रव्याचा वाटा असू शकतो. परंतु त्याच्यावर खेळणाऱ्या छटा द्रव्याच्या नव्हेत, त्या रचनेच्या आहेत. घोटताना द्रव्य उरते, रचना मात्र मोडते.

या रचनेचा शोध घेणाऱ्यांत एक नाव भारतीयांना विशेष जवळचे आहे. चंद्रशेखर वेंकट रामन 1933 मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक झाले. पुढच्याच वर्षी त्यांनी तेथे भारतीय विज्ञान अकादमी स्थापन केली आणि तिच्या नियतकालिकाच्या पहिल्याच खंडात रंग उधळणाऱ्या शिंपल्यांवर निबंध लिहिले. नोबेल पारितोषिकाचा मानकरी शिंपले न्याहाळीत बसला, याचे कोणास नवल वाटेल. पण प्रकाशाचे कोडे आकाशात असो की शिंपल्यात, रामन यांना ते सारखेच मोलाचे होते. 1954 मध्ये, स्वतःच्या संशोधन संस्थेत, ते कृष्णमूर्ती या सहकाऱ्यासह पुन्हा याच विषयाकडे वळले आणि त्यांनी मोतीही तपासले.

शिंपल्यातील प्राण्याच्या अंगावर एक मऊ आवरण असते. त्यातून झरणाऱ्या द्रवापासून शिंपल्याचा आतला चकचकीत थर बनतो, आणि मोतीही. दोन्हींत मुख्यतः चुनखडीचेच द्रव्य, अॅरॅगोनाइट नावाच्या स्फटिकरूपात, असते. भिंतीत विटा रचाव्यात तशा त्याच्या चपट्या वड्या एकावर एक बसतात आणि मध्ये गिलाव्यासारखा सेंद्रिय पदार्थाचा अतिशय पातळ लेप असतो. वडीची जाडी सुमारे अर्धा मायक्रॉन, म्हणजे एक मिलिमीटर जाडीत असे दोनेक हजार थर मावतात.

सारे मर्म या जाडीत आहे. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी जांभळ्यासाठी सुमारे 0.4, तर तांबड्यासाठी 0.7 मायक्रॉन असते. म्हणजे थर आणि तरंग जवळजवळ एकाच मापाचे आहेत. प्रत्येक थरावरून थोडा थोडा प्रकाश परततो. खालच्या थरावरून आलेल्या तरंगाला अधिक वाट चालावी लागते. ज्या रंगाचे तरंग तरीही पाऊल जुळवून परततात तो रंग उजळतो. ज्यांचे पाऊल चुकते ते एकमेकांना मारक होतात. साबणाच्या फुग्यावर रंग दिसतात तेही याच व्यतिकरणामुळे. शिंपला कलता केला की वाटेतील अंतर बदलते, आणि रंगही बदलतो.

याखेरीज दुसरेही एक कारण आहे. कित्येक शिंपल्यांत थरांच्या कडा पृष्ठभागावर उघड्या पडून बारीक रेघा उमटतात आणि त्या रेघांवर प्रकाशाचे विवर्तन होते. डेव्हिड ब्रूस्टर या स्कॉटिश शास्त्रज्ञाने 1814 मध्ये दाखवले, की अशा शिंपल्याचा ठसा मेणावर घेतला तर मेणही रंग दाखवू लागते! मेणात शिंपल्याचा कणही नसतो, उतरलेली असते ती केवळ घडण. थरांच्या खोलीतून येणारे रंग मात्र ठशात उतरत नाहीत. या दोहोंचा भेद त्यावरून कळतो.

मोती गोल असल्याने त्याचे थर कांद्याच्या पापुद्र्यांसारखे एकाभोवती एक असतात. काही प्रकाश त्या थरांत शिरून आतल्या आत पसरतो आणि बाहेर येतो. म्हणून मोती नुसता चमकत नाही, आतून उजळल्यासारखा भासतो.

स्वाती नक्षत्राचा थेंब शिंपल्यात पडला की मोती होतो, ही समजूत सुंदर खरी. पण त्या प्राण्याने थरावर थर चढवीत केलेले काम त्याहून कमी अद्भुत नाही. ते मोडायला मात्र वेळ लागत नाही. लिंबाच्या रसाने चुनखडी विरघळते, घामानेही मोती हळूहळू झिजतो. म्हणूनच आजीची नथ अंगावरून उतरल्यावर मऊ फडक्याने पुसून ठेवण्याची घरोघरची रीत शास्त्रालाही धरून आहे. रचना शाबूत, तोवरच पाणी शाबूत.