गोष्ट सांगणारा म्होरक्या : थरातल्या माणसाला थर दिसत नाही

गाडगेबाबांच्या कीर्तनावर या आठवड्यात लिहायचं कबूल केलं होतं. ते पुढे ढकलतोय, कारण ठाण्यातल्या वर्तकनगरातल्या एका वाचकाचा प्रश्न डोक्यातून जात नाही. ते एका गोविंदा पथकाचा सराव घेतात. लिहितात, ‘‘श्यामची आई’तल्या श्यामचं ठीक आहे. प्रार्थना झाली की आश्रमातले मित्र समोर बसत आणि तो गोष्ट सांगे. माझी बेसची, म्हणजे सगळ्यात खालच्या थराची, पोरं खांद्याला खांदा लावून, माना खाली घालून उभी असतात. हंडी फुटलेली त्यांना दिसतसुद्धा नाही. त्यांना मी कुठली गोष्ट सांगू?’

हा प्रश्न वर्तकनगरातून आला याचं नवल नाही. 16 ऑगस्ट 2025 ला तिथे संस्कृती युवा प्रतिष्ठानच्या हंडीत जोगेश्वरीच्या कोकण नगर पथकाने दहा थर लावले. त्याआधीचा गाजलेला विक्रमही ठाण्यातलाच. 10 ऑगस्ट 2012 ला जय जवान पथकाने नऊ थरांत 43.79 फूट गाठले आणि स्पेनमधल्या वाल्स गावाच्या पथकाचा 1981 सालचा 12 मीटरचा विक्रम मागे टाकला. या भागातल्या पोरांना हे आकडे तोंडपाठ असतात.

त्यामुळे सरावाच्या पहिल्या रात्री म्होरक्याच्या तोंडी विक्रमाचीच गोष्ट येते. तिचं काम ती चोख करते. दिवसभर कामावर राबून आलेला पोरगा त्या ओढीने रात्री दहाला मैदानात येतो. पण आठ-पंधरा दिवसांनी खांदे सोलवटतात, पावसात पाय घसरायला लागतात आणि बेसवाल्याला कळून चुकतं की या गोष्टीत आपण कुठेच नाही. फोटो सगळ्यात वर चढणाऱ्या एक्क्याचा छापून येतो. उंची मोजतात ती वरून. शिवाय ही गोष्ट बाहेरच्यांच्या हातात असते. 2016 च्या हंडीला सर्वोच्च न्यायालयाने 20 फुटांची मर्यादा कायम ठेवली, तेव्हा त्या वर्षापुरती उंचीची गोष्ट सांगायचीच सोय उरली नाही. 2017 मध्ये उंचीवरचं बंधन गेलं. मधल्या काळात ज्या म्होरक्यापाशी दुसरी गोष्ट नव्हती, त्याने पोरांना काय सांगून बोलावलं असेल?

माझ्या मते खरी अडचण वेगळीच आहे. थरातल्या कुणालाच थर दिसत नाही. बेसवाल्याला पुढच्याची पाठ दिसते आणि पायाखालचा चिखल. मधल्या थरातल्यांना एकमेकांचे दंड दिसतात. एक्क्याला हंडी दिसते, पण आपल्याला तोलून धरणारे चेहरे दिसत नाहीत. वर काय चाललंय हे बेसवाला ओळखतो ते खांद्यावरच्या वजनावरून आणि अंगात उतरणाऱ्या थरथरीवरून. सबंध मनोरा दिसतो तो बाहेर उभ्या असलेल्या एकट्या म्होरक्याला. म्हणून त्याने सांगितल्याशिवाय आतल्या माणसाला आपण काय उभं केलं ते कळायची वाट नाही.

कातालोनियातल्या लोकांनी यावर फार सुंदर तोड काढली आहे. वाल्स तिथलंच. त्यांच्या मानवी मनोऱ्यांना युनेस्कोने 2010 मध्ये वारशाच्या यादीत घेतलं. मनोरा चढायला लागला की बाजूला ग्राया नावाचं सनईच्या जातीचं वाद्य वाजू लागतं, सोबतीला छोटा ढोल. पायाच्या गर्दीत माना खुपसून उभ्या असलेल्यांना वरचं काही दिसत नाही. बांधणी कुठवर आली ते त्यांना सुरांवरून कळतं. टोकावरचं पोर हात उंचावतं, तेव्हा वादक तेही सुरातून सांगतात. गोष्ट घडत असतानाच ती घडवणाऱ्यांच्या कानावर घातली जाते! आणखी एक गोष्ट मला त्यांच्याकडून घ्यावीशी वाटते. मनोरा नुसता उभा राहिला तर त्यांच्या लेखी काम अर्धंच झालेलं असतं. सगळे थर न कोसळता उतरले, तर त्याची गणना वरच्या दर्जाची.

आपल्याकडे हेच काम प्रशिक्षकाचा आवाज आणि शिट्टी करते. ‘चौथा उभा राहिला, पाचवा चढतोय, खालच्यांनो दम धरा’ ही सुद्धा चालू गोष्टच आहे. हंडीच्या दिवशी मात्र डीजेपुढे ती ऐकू येत नाही आणि याचा मला मनापासून राग येतो. सलामीपुरता तरी आयोजकांनी डीजे बंद ठेवावा.

तोवर सरावाच्या रात्री आपल्या हातात आहेत. तेव्हा त्या वाचकाला माझं सांगणं असं : दादा, गोष्ट खालून वर सांगा. बेसला कोण कुठे उभा होता, कुणाच्या खांद्यावर जास्त भार आला, कुणी जागा सोडली नाही, हे नावं घेऊन सांगा. एक्का सगळ्यात शेवटी येऊ दे. ज्या रात्री थर कोसळला ती रात्र वगळू नका. पडणाऱ्या पोराला कुणी वरच्या वर झेललं, ते नव्याने आलेल्यांना कळलंच पाहिजे. थर कसे उतरले तेही तितक्याच तब्येतीत सांगा.

आणि नेहमी तुम्हीच बोलू नका. कुणीतरी मोबाइलवर सरावाचं चित्रण करतंच. ते सगळ्यांना दाखवा आणि बेसच्या पोराला विचारा, ‘पाचव्या थराचा पाय हलला तेव्हा तुला खाली काय कळलं?’ तो सांगेल की भार आधी डाव्या खांद्यावर गेला, मग मागच्याने कंबर आवळून धरली. ते ऐकायला एक्क्याला पुढ्यात बसवा. त्याच्या पायांखाली काय झालं होतं ते त्याने कधीच पाहिलेलं नसतं.

असे प्रश्न विचारून अख्ख्या गावाकडून गोष्ट वदवून घेणारा माणूस म्हणजे गाडगेबाबा. दिवसा हातात खराटा, रात्री कीर्तन. वांद्र्याला पोलिसांपुढे झालेलं त्यांचं 1956 चं कीर्तन ध्वनिमुद्रित आहे. पुढच्या आठवड्यात त्याच्यापासूनच सुरुवात करू. ते मिळवून ऐकून ठेवा आणि बाबा समोरच्यांना उत्तर द्यायला कसे लावतात, तिकडे कान ठेवा.